गव्हर्नरचा कारकून

एका माणसाला आपल्या आईचं जिवंतपणी तोंड बघता आलं नाही, आणि त्यात माझा हात होता. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी फार शहाणपणा शिकवायला लागले तर वाचणाऱ्याने मला जागेवर आणावं.

मी वसईची. टायपिंग आणि शॉर्टहँड या दोन गोष्टींच्या जोरावर सत्तरच्या दशकात बहरीनला गेले आणि बरीच वर्षं तिथेच राहिले. समुद्रात भराव घालणारी एक कंपनी होती, तिचं ऑफिस जुफैरला. तेव्हा जुफैर म्हणजे अमेरिकन नौदलाचा तळ, थोडी बैठी घरं आणि उरलेली सगळी धूळ. मी एका नर्सबरोबर उम्म अल हस्समला खोली घेऊन राहायचे. ऑफिसात एकच बाई, ती मी. त्यामुळे मला नाव असूनही कुणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांची मी ‘बाई’, आणि साहेबांची ‘मिस’.

साहेब अमेरिकन. उंच, वाळलेला, कमी बोलणारा. बायको तिकडे, मुलं तिकडे, हा इकडे एकटा. दारू नाही, पार्ट्या नाहीत. त्याला एकच नाद होता. त्याचे पणजोबा अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याचे गव्हर्नर होते, आणि त्यांचं चरित्र लिहायचं त्याने मनावर घेतलं होतं. गुरुवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस. एक वाजता सगळे पळायचे आणि साहेब मला म्हणायचा, “मिस, तुम्हाला वेळ आहे का?” मला कसली कामं! मी वही घेऊन बसायचे. तो खिडकीतून बाहेर बघत बोलायचा, मी उतरवून घ्यायचे. शनिवारी दोन कार्बन लावून टाईप करायचे. एक प्रत त्याला, एक कपाटात, एक अमेरिकेतल्या त्याच्या बहिणीला.

आधी मला कळेचना की यात लिहिण्यासारखं काय आहे. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडे राज्यपाल. समुद्राकाठच्या बंगल्यात राहतो, फीत कापतो, निवृत्त होतो. मी तसं एकदा बोललेही. साहेब पहिल्यांदाच हसला. म्हणाला, आमच्याकडे तो निवडून येतो, भांडतो, कर लावतो, आणि एखाद्याला फाशी द्यायची की सोडायची हेही त्याच्याच हातात असतं. “अगं बाई,” मी मराठीत म्हटलं. त्याला ते न सांगताच कळलं.

त्या गुरुवारांत मी त्या माणसाला चांगली ओळखायला लागले. लाकडाच्या खोपटात जन्मला, असं घरचे सांगायचे. बहिणीने कागद शोधले तर ते दोन मजल्यांचं विटांचं घर निघालं. साहेबाने आठवडाभर तोंड पाडलं, मग खोपट काढून टाकलं. पोराने शाळेत मास्तरकी केली, एका वकिलाकडे फायली पुसता पुसता कायदा शिकला, युद्धात डाव्या हाताची दोन बोटं घालवून आला. मग रेल्वे कंपन्यांचा वकील झाला, आणि गव्हर्नर झाल्यावर त्याच रेल्वे कंपन्यांवर त्याने कर बसवला. मुक्याबहिऱ्यांसाठी शाळा काढली. वेड्यांना तुरुंगातून काढून वेगळं इस्पितळ बांधून दिलं. दोनदा निवडून आला. माणूस कामाचा होता, यात शंका नाही. पण फार नीटनेटका होता. रोज रात्री टेबल मोकळं करून झोपायचा म्हणे. असली माणसं मला आवडत नाहीत, कारण मीही तशीच आहे.

त्याच्या आयुष्यात एक गोष्ट मात्र वाईट होती. एका शेतमजुराला फाशी झाली. कोठार जाळलं आणि आत झोपलेला म्हातारा मेला, असा आरोप होता. मजुराच्या बायकोने दयेचा अर्ज केला. गव्हर्नरने तो नाकारला. दोन वर्षांनी दुसऱ्याच एका माणसाने मरताना कबूल केलं की कोठार मी पेटवलं. मग गव्हर्नर सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा रोज सकाळी त्याच्या फाटकाला कुणीतरी दोरी लटकवून गेलेलं असायचं. पडला तो. नंतर कधी उभा राहिला नाही, आणि त्या मजुराबद्दल मेला तरी एक शब्द बोलला नाही.

“आमच्या घरी कपडे वाळत घालायला दोरी नव्हती,” साहेबाने मला सांगितलं. “माझी आजी अंगणात दोरी बांधू द्यायची नाही. सगळे कपडे तळघरात वाळायचे. वास यायचा. मी शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांच्याच कपड्यांना वास येतो.”

मी हे काही उतरवून घेतलं नाही. त्यानेही घ्या म्हटलं नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन गच्चीवरच्या दोरीवरून माझी चादर काढताना मला त्या माणसाची दया आली, हे खरं. तेवढ्यासाठी तो पुस्तक लिहीत होता. पणजोबाच्या फाटकावरची दोरी त्याला काढायची होती.

आणि एका उन्हाळ्यात ती निघाली. बहिणीने सरकारी दप्तरातून त्या दयेच्या अर्जाची फोटोकॉपी मिळवून पाठवली. अर्जाच्या पाठीमागे गव्हर्नरच्या कारकुनाची नोंद होती. हा कारकून त्या मजुराच्याच भागातला. गव्हर्नरने त्याला विचारलं असणार, की बाबा, तुझ्याकडची माणसं आहेत, यात तथ्य आहे का? त्याने लिहिलं होतं, “आय नो दीज पीपल.” मी या लोकांना ओळखतो. एवढंच. त्याखाली गव्हर्नरचं ‘नामंजूर’ आणि सही.

साहेब केबिनमधून कागद नाचवत बाहेर आला. “कारकून! मिस, तो कारकून होता!” सगळ्या ऑफिसला चहा सांगितला. मला मनापासून आनंद झाला. त्या कारकुनाचा रागही आला. मेल्या, तुझ्याच गावचा माणूस, तुझ्याच भरवशावर राहिला, आणि तू एका ओळीत त्याला उडवलास! मी हे प्रकरण टाईप करताना कळा जरा जोरातच हाणल्या असतील.

आता ड्रायव्हरबद्दल.

आमचा ड्रायव्हर मालवणकडचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला सकाळी घेऊन यायचा, संध्याकाळी सोडायचा, मधल्या वेळात साहेबाला हिद्दच्या यार्डात न्यायचा-आणायचा. बोलका होता. अरब पोलिसाला ‘यल्ला’, पठाणाला ‘खलास’ आणि मला ‘बाईनू’. त्याच्या आईने वाळवलेली कोकमाची सोलं त्याने मला एकदा आणून दिली होती. मी कढी केली आणि त्याच्याकडे इतकं कौतुक केलं की पुढच्या वेळी आईने माझ्यासाठी वेगळी पुडी बांधून पाठवली. आम्ही दोघी एकमेकींना कधी भेटलो नाही. पण तिला ठाऊक होतं की तिकडे वाळवंटात एक किरिस्तांव बाई तिच्या हातची सोलं खाते.

गल्फमध्ये त्या काळी राहिलेल्या माणसाला ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’ या तारेबद्दल वेगळं सांगायला नको. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, रजा दोन वर्षांनी. घरी लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, कंपनी ‘मफी’ म्हणायची, म्हणजे रजाबिजा काही नाही. मग घरचे तार करायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाप्याचा बाप चार वर्षांत तीनदा अत्यवस्थ झाला आणि दर वेळी नातवाच्या लग्नात नाचला. मी काही धुतल्या तांदळाची नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी अशाच तारेवर गेले. घरात पाय ठेवला तर आई पाट्यावर वाटण वाटत बसलेली. वर बघून म्हणाली, “मलाच कशाला गं आजारी पाडलंत? तुझा बाप काय मेला होता?” आम्ही हसून हसून लोळलो.

ड्रायव्हरनेही आदल्या वर्षी शिमग्याला बापाची तार मागवली होती. परत आल्यावर गाडीत मला सगळं रंगवून सांगितलं. बाप पालखी खांद्यावर घेऊन कसा नाचत होता, आणि साहेबाने परत आल्यावर ‘वडील कसे आहेत’ विचारल्यावर ह्याने डोळे कसे पुसले. मी पोट धरून हसले.

चतुर्थी जवळ आली. त्याने दोन महिने आधी रजा मागितली होती. साहेबाने नाही म्हटलं होतं, यार्डात काम जोरात होतं. आणि चतुर्थीला सहा दिवस उरलेले असताना तार आली. मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.

तार घेऊन तो आधी माझ्याकडे आला. “बाईनू, सायबाक नीट समजावन सांगा.”

मी तार वाचली आणि हसले. “गणपतीला माझा नमस्कार सांग हो.”

“बाईनू, ह्या वेळेक खरा हा.”

“मागच्या वेळीही खरंच होतं ना?”

तो हसला नाही. मला ते दिसलं. आज शपथेवर सांगते, दिसलं. पण मला वाटलं, नाटक जमायला लागलं हं याला. “सांगते, जा,” म्हटलं.

साहेबाने तार दोनदा वाचली. त्याला या तारांचं काही कळत नसे, कुणीही यावं आणि त्याला रडवावं. म्हणून तो मला विचारायचा. बाकीच्यांच्या वेळी मी तोंड मिटून बसायचे, देत असेल रजा तर देऊ दे. त्या दिवशी काय झालं मला सांगता येत नाही. यार्डाची कागदपत्रं रोज न्यायची होती, दुसरा ड्रायव्हर नव्हता, बदली माणूस शोधायची कटकट माझ्याच गळ्यात पडणार होती. आणि साहेबाने माझा सल्ला विचारला की मला जरा बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

“मिस, ही तार खरी आहे का?”

“सर, पुढच्या आठवड्यात त्यांचा गणपती आहे,” मी म्हटलं. “आय नो दीज पीपल.”

ते शब्द कुठून आले ते मला तेव्हा उमगलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मीच तीन प्रतींत टाईप केले होते. साहेबालाही उमगलं नसावं. त्याने मान हलवली आणि मी पोस्टाच्या कामाला बाहेर पडले. परत आले तोवर त्याने ड्रायव्हरला बोलावून नाही सांगून टाकलं होतं. संध्याकाळी ड्रायव्हरने मला घरी सोडलं. वाटेत बोलला नाही. मी म्हटलं, रुसलाय साहेबावर. उतरताना विचारलं, “काय म्हणाला साहेब?” तो म्हणाला, “सायब नाय म्हणालो.” बस्स.

चौथ्या दिवशी दुसरी तार आली. मदर एक्सपायर्ड.

अशी तार खोटी कुणी पाठवत नाही. ती मीच घेतली, मीच साहेबाच्या टेबलावर ठेवली. पासपोर्ट, तिकीट, सगळं मी तीन तासांत केलं. चार दिवसांपूर्वीही ते तीन तासांतच झालं असतं. मुहर्रकच्या विमानतळावर त्याला सोडायला मी गेले नाही. मला तोंड नव्हतं.

तो पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चतुर्थीच्या दिवशी तो घरी होता, आणि घरात सुतक म्हणून गणपती आणलेला नव्हता. हे मला त्याच्या गावच्या दुसऱ्या एका माणसाने सांगितलं, मी न विचारता.

शुक्रवारी मी चर्चमध्ये कन्फेशनला गेले. तिकडे शुक्रवार हाच आमचा रविवार. फादर मराठी नव्हते, इंग्लिशमध्ये सांगावं लागलं. “फादर, मी खोटं बोलले नाही. मला खरं वाटलं ते बोलले.” फादर म्हणाले, मग ते पाप नव्हे, चूक झाली, तीन वेळा नमो मरिया म्हण आणि शांत हो. मला त्यांचा असा राग आला! माझं पाप किती मोठं आहे ते मला माहीत होतं, आणि हा माणूस ते तीन प्रार्थनांत गुंडाळून माझ्या हातात देत होता. मी म्हटल्या, पण शांतबिंत काही झाले नाही.

महिन्याने ड्रायव्हर परत आला, डोकं भादरलेलं. पहिल्याच सकाळी गाडीत बसले तर मागच्या सीटवर पुडी. जुन्या लुगड्याचं फडकं, त्याला लाल दोऱ्याची गाठ. आत सोलं. “आयेन मे म्हयन्यात घातलेली,” तो म्हणाला. “लाल दोरो तुमचो.” तिला लिहिता येत नसे, म्हणून कुणाची कुठली ते ती दोऱ्याच्या रंगावर ठेवायची. मी ‘बरं’ म्हटलं. घरी नेऊन पुडी फडताळात टाकली आणि फडताळ बंद केलं. कढी करायची माझी छाती झाली नाही.

हिवाळ्यात साहेबाचं पुस्तक संपत आलं. शेवटच्या प्रकरणात त्याला सगळा निकाल लावायचा होता. गुरुवारी खिडकीतून बघत तो सांगायला लागला. गव्हर्नर न्यायी होता, दयाळू होता. त्या अर्जाच्या बाबतीत त्याने ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने विश्वासघात केला. “दोष सर्वस्वी कारकुनाचा होता.”

माझी पेन्सिल थांबली. “सर, कागदाच्या तळाशी सही कुणाची आहे?”

“गव्हर्नरची.”

“मग?”

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण रागाचं नव्हतं. मला वाटलं, आता त्याला आठवलं. आता बोलेल. तो पुन्हा खिडकीकडे वळला आणि म्हणाला, “आहे तसं टाईप करा, मिस.”

मी केलं. माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या मजकुरातला एक शब्द मी बदललेला नाही. कारकुनाचा दोष, सर्वस्वी, दोन कार्बनसकट. मला तो मान्य होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण साहेब त्या वाक्याने इतका हलका झालेला दिसला की मला त्याच्या समोर बसवेना. पहिल्यांदाच मी डोकं दुखतंय सांगून लवकर उठले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात हिद्दच्या यार्डात काही सह्या घ्यायला मला जायचं होतं. ड्रायव्हर आणि मी, दोघंच. मुहर्रकच्या पुलावर गाडी चढली. दोन्ही बाजूंना ओहोटीचा चिखल, त्यात उभे बगळे. मी ठरवून आले होते, पूल संपायच्या आत बोलायचं. पूल काही फार लांब नव्हता.

“अरे, एक सांगायचंय. तुझी तार आली तेव्हा साहेबाने मला विचारलं होतं. खोटी आहे असं मी सांगितलं. साहेबाने नाही, मी.”

त्याने गियर बदलला. पुढे बघतच बोलला. “माका म्हायत होता.”

“कधीपासून?”

“त्याच दिसा. सायबान सांगल्यान. माका म्हणालो, सॉरी, पण बाई म्हणता तार खोटी आसा, ती तुमच्या लोकांका वळाखता.”

म्हणजे मी पोस्टात रांगेत उभी होते तेवढ्यात साहेबाने हात झटकून घेतले होते. आणि मग संध्याकाळी ह्याने मला घरी सोडलं होतं, दार उघडून दिलं होतं. आणि साहेबाने एवढे महिने मला समोर बसवून त्या कारकुनाला शिव्या घातल्या होत्या, आणि मी त्या लिहून घेतल्या होत्या.

“मग तू मला काही बोलला का नाहीस?” माझा आवाज चढला. चढायचं काही कारण नव्हतं. “शिव्या घालायच्यास! मला गाडीतून उतरवायचंस!”

“राग इलो बाईनू. खोटा कित्याक बोलू? वाटला तुमचा तोंड बघूचा नाय. पण शिमग्याची तार कोणाची? माझीच. तुमका हसत हसत सांगलंय कोणी? मीच. बाबांच्या नावान तसली तार केलेली आयेक अजिबात आवडाक नाय होती. महिनोभर बोलूक नाय माझ्याशी.”

पूल संपला. उजवीकडे विमानतळाची भिंत लागली.

मला रडू आलं. मी कुणासमोर रडत नाही, आणि ड्रायव्हरसमोर तर नाहीच, पण आलं. रुमाल शोधता शोधता मी म्हटलं, “एवढं सगळं ठाऊक असताना ती सोलं कशाला आणलीस माझ्यासाठी?”

“मी खय आणलंय?” तो म्हणाला. “आयेन पाठवल्यान. तुमच्या नावाचो दोरो बांधून ठेवलेल्यान. तो सोडणारो मी कोण?”

यार्डाच्या फाटकाशी गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं, आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

“खाल्लात काय?”

मी मान हलवली. नाही.

“खावा,” तो म्हणाला. “पुढल्या वर्साक येवची नाय.”